टिचकी

बेळगावहून आलेल्या सिस्टर बेनितांनी विचारलं,
"हाक नेमकी कधी ऐकू आली?"
फॉर्म कानडीत. रकान्यात दोनच ओळी मावतील.

आई मला कोंकणीत हाक मारते,
शाळेनं मारली मराठीत,
खानापूर स्टँडवरचा कंडक्टर कानडीत.
चौथी भाषा मला येत नाही, सिस्टर.

पण कायतानमामा भट्टीवर कौलं तपासायचा,
मी मोजायला.
वाकड्या बोटाची टिचकी, मग मान कलती.
खण्ण वाजलं तर ट्रकमध्ये.
बद्द वाजलं तर आमच्या गोठ्यावर,
फेकायचं काहीच नाही.

एकदा एक कौल कानाशी धरून
तो इतका वेळ थांबला
की चहा निवला,
ट्रकवाला शिव्या घालून गेला.
"वाजलं का?"
"वाजलं गं. अजून संपलं नाही."

तेवढंच.
तेव्हापासून तीन वर्षं,
म्हैस बांधताना, रेशनच्या रांगेत,
मिस्सेत जांभई दाबतानासुद्धा
मला वाटतं, कुणीतरी मान कलती करून
माझ्यापाशी थांबलंय.
मी खण्ण की बद्द,
ते त्यालाच ठाऊक.

लिहा ना तुम्हीच.
टिचकीला कानडीत काय म्हणतात,
मी अजून कुणाला विचारलं नाही.