बॅलन्स, डावीकडं नऊ

मार्केट यार्डात बावीस वर्षं काटापट्टी लिहिली मी.
गुळाचा रवा हातात घेतला की वजन सांगते,
तोळाभर इकडं-तिकडं.
पण ही गाडी
पहिले चार दिवस मला काहीच सांगत नव्हती.

हुपरीच्या मगदुमांची. दहा वर्षं जुनी, राखाडी.
सीट त्यांच्या उंचीला, आरसा त्यांच्या मानेला,
स्टिअरिंगवर, घड्याळात दहा वाजतात तिथं,
अंगठ्यानं घासून गुळगुळीत झालेली एक जागा.
सीट पुढं ओढली तर खाली सापडलं
पैंजणाचं घुंगरू. हलवून बघितलं.
आत खडाच नव्हता.

मेरी वेदरच्या मैदानावर
रियाज मुल्लाणी शेजारी बसला. उद्यमनगरात लेथवर असतो.
"मालनक्का, पाय काढू नका, पाय सोडा."
यातला फरक
तीन वेळा गाडी बंद पडल्यावर समजला.
क्लच म्हणजे आमचा जुना तराजूच की!
एका पारड्यात माप, दुसऱ्यात ढेप,
आणि काटा मधोमध थरथरतो तेवढा
चिमूटभर वेळ.
तिथं थांबायचं. घाई केली की गेलं.
गाडी जरा गुरगुरते, मग आपणहून निघते.

वळायचं म्हणून दांडी ओढली
तर वायपर सुरू.
लख्ख ऊन, कोरडी काच,
आणि दोन्ही पाती करकरत नको नको म्हणालीत.
क्रिकेटची पोरं बॅट टाकून हसली.
"काकू, छत्री उघडा की!"
हॉर्न मात्र पहिल्या झटक्यात सापडला.

रविवारी रात्री बावड्याच्या गल्लीत
गाडी उभी करून एकटीच बसले.
चावी अर्धी फिरवली की
इंजिन झोपलेलं राहतं आणि रेडिओ जागा होतो,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
एक नंबरला आकाशवाणी.
दोनला कन्नड, बेळगावाकडचं काहीतरी.
तीनला नुसती खरखर.
खरखर कोण जपून ठेवतं?
ब्लूटूथच्या यादीत तीन नावं:
मगदूम जुना. मगदूम नवा. दवाखाना.
पडदा म्हणाला, काढून टाकू?
मी म्हटलं, राहू दे.

आवाज सगळा डाव्या दारातून.
माझ्या बाजूचा स्पीकर मुका.
रियाजला फोन लावला. तो जेवत होता.
"गेला नसंल वो. सेटिंगमध्ये बॅलन्स बघा."
बघितला.
डावीकडं नऊ. त्याच्यापुढं आकडाच नाही.

मला वाटलं, समजलं.
शेजारी बायको बसत असणार,
गाणं तिच्याकडं वळवलेलं.
कागदपत्रांवर नंबर होता, राहवलं नाही,
पद्माक्कांना विचारलं.
त्या बराच वेळ गप्प.
"मी कधी पुढं बसलेच नाही, बाई.
पुढं चांदीची पेटी असायची. पट्टा लावून.
मी मागं, पिशव्यांच्यात."
मग म्हणाल्या,
"मशीनच्या आवाजानं कान गेलेले त्यांचे.
कुठला, ते मात्र कधी सांगितलं न्हाई.
हाक मारली तर
दोन्हीकडं बघायचे."

नऊचं शून्य करता आलं असतं.
बोट बटणावर होतं.
एक, दोन, असं दाबत सातावर आणलं
आणि थांबले. का, ते विचारू नका.
माझ्या बाजूनं आता थोडं ऐकू येतं,
भिंतीपलीकडं कुणी बोलावं तसं.

आज पहिल्यांदा एकटी यार्डात गेले.
येताना पाच किलोची ढेप शेजारच्या सीटवर ठेवली.
दाभोळकर कॉर्नरला गाडी टीं टीं करायला लागली.
ब्रेक? दार? दिवा?
सिग्नलला सगळं चाचपलं.
मागचा रिक्षावाला ओरडला.
मग डॅशबोर्डवर दिसलं ते लाल चित्र,
पट्टा न लावलेला माणूस.

गुळाला पट्टा लावला.
गाडी गप्प झाली.
आणि डाव्या दारातून बातम्यांतला बाजारभाव
आधी तिला ऐकू गेला,
मग मला.