भिंगरी धकाते, रा. गोळीबार चौक

केशोराव धकाते कूलर दुरुस्त करत,
म्हणजे कूलर उघडत, आणि उरलेल्या स्क्रूंमधून
दुसरंच काहीतरी बनवत.
त्यांचं पापडयंत्र फक्त चौकोनी पापड लाटायचं.
उंदीर पकडण्याच्या पेटीनं
दोनदा त्यांचाच अंगठा पकडला.
म्हणून एका मार्चात दुकानातून
फ्रॉक घातलेली मुलगी बाहेर आली
आणि म्हणाली, "नमस्कार, माझा प्लग कुठंय?"
तेव्हा गल्लीनं फार मनावर घेतलं नाही.

डोळे स्कूटरच्या इंडिकेटरचे,
पोटात अठरा इंची पंखा, पाठीला वाळ्याची ताटी.
ती जवळून गेली की सत्तेचाळीस डिग्रीत
आम्हा पोट्ट्यांना मिनिटभर चिखलदरा.
दुपारी जो तो तिला आपल्याकडे झोपायला बोलवायचा.
ती विचारायची, "झोपायचं म्हणजे कोणतं बटण?"

शाळेत हेडाऊ मॅडमनी फॉर्म काढला.
वजन?
"पाण्यासकट, का पाण्याबिगर?" केशोराव म्हणाले.
आईचं नाव विचारलं तेव्हा
ते बराच वेळ खिशात चष्मा शोधत राहिले.
चष्मा नाकावरच होता.

बोललेलं ती जसंच्या तसं ऐकायची.
शनिवारी बाकावर उभी राहा म्हटलं,
ती सोमवारपर्यंत उभी होती,
शिपाई कुलूप लावून गेला तरी.

मग पोळा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मारबत.
आम्ही गल्लीचा बडग्या केला होता, भारनियमनाचा:
बांबू, रद्दी, गळ्यात उडालेल्या बल्बांची माळ.
सगळे ओरडत होते,
"इडा पीडा घेऊन जा गे मारबत!"
भिंगरीनं ऐकलं. तिला वाटलं,
सामान फार आहे, न्यायला माणूस कमी.
ती दारोदार गेली.
"तुमची पीडा काय? मी नेते."

पराते काकूंनी खोकल्याची बाटली दिली.
बोकडे वकिलांनी बावीस वर्षांची एक फाईल.
मी गणिताचं पुस्तक. तिनं पावती दिली.
शेवंताबाई नंदनवार हसत म्हणाल्या,
"अवं पोरी, आमच्या जावयालेच घेऊन जाय नं,
होळीपासून बसून राह्यला."
भिंगरीनं त्याला खुर्चीसकट उचललं,
हातात तर्रीपोह्याची प्लेट होती तशीच.

संध्याकाळी तो झिरो माइलपाशी सापडला,
दगडाच्या चार घोड्यांशेजारी पाचवा.
पोहे संपले होते.
खुर्चीचं तोंड हैदराबादकडे.
"तिकडचा आकडा मोठा होता," भिंगरी म्हणाली.
जावई पुढच्याच आठवड्यात नोकरीला लागला.
खोकला गेला नाही. गणित तर नाहीच.

रात्री ती दुकानात आली.
"बाबा, तुमची पीडा राहिली."
केशोराव मोटर वाइंड करत होते,
दातांत तांब्याची तार.
मान वर न करता म्हणाले,
"माही पीडा? तूच नं वं, पोट्टे. दुसरी कोनती?"
आणि हसले असावेत.
तेवढ्यात लाईट गेली, हसणं कुणाला दिसलं नाही.

सकाळी मी दूध आणायला निघालो तर
अंगणात भिंगरी,
दोन्ही हातांनी स्वतःचीच कंबर धरून,
स्वतःला उचलून खांद्यावर घेण्याच्या बेतात,
गुडघे वाकलेले,
मोटर जळाल्याचा वास,
पायांखाली मातीत दोन खड्डे.
रात्रभर.

केशोरावांनी तिचं एकेक बोट सोडवलं.
त्या दिवशी गिऱ्हाईकं आली आणि परत गेली,
एकही कूलर उघडला नाही.
दुपारी खिडकीतून ऐकू आलं,
ते तिला मस्करी समजावत होते.
"म्हंजे कसं, बोलाचं एक, अन्…"
"अन्?"
"अन्… थांब. तो पाना दे इकडे."
"कोणता?"
ते काही बोलेनात.
तिनं दुकानातले सगळे पाने आणून दिले,
एकेक, त्यांच्या हातात, मोजत.