कंबर सदतीस

डावरे सरांनी शाळेतला पृथ्वीगोल पिशवीत घालून आणला,
कटिंगच्या टेबलावर ठेवला, खडूशेजारी.
सवयीनं मी आधी कंबर घेतली.
सदतीस.
सर म्हणाले, चाळीस हजार किलोमीटर.
मी म्हणालो, मग इंचाला हजार, वर ऐंशी.
सर बघतच राहिले.
सातवी नापास माणूस मी, पण भागाकार
कापडाच्या भावानं शिकवलेला.

भिंतीवरच्या नकाशात रेणुका आडवी जाणार होती,
अरबस्तानावरून, पट्टी ठेवून रेघ मारावी तशी.
नकाशा म्हणजे ठाणातलं कापड, सर.
अंगावर सरळ काही नसतं.
खांद्यावरून टेप नेली की ती आपसूक
मानेकडं सरकते, जवळची वाट धरते.

चाळीस नंबरचा दोरा घेतला.
हैदराबादवर अझहरनं बोट दाबलं,
काज-बटण अर्धवट टाकून आलेला पोरगा,
टोरांटोवर मी.
ताणला तसा दोरा वर वर चढला,
रशिया ओलांडून थेट बर्फात.
अझहर म्हणाला, उस्ताद, दीदीला स्वेटर दिला का?

बारा इंच. केसभर कमी.
बारा हजार नऊशे धरले.
ताशी नऊशेनं चौदा तास वीस मिनिटं.

आणि परभणी ते हैदराबाद?
पाव इंच. टीप घातली की दिसणार पण नाही.
त्या पाव इंचाला तिनं परवाची अख्खी रात्र घातली,
साइड लोअर, पूर्णेला गाडी तासभर उभी,
पहाटे फोन, अप्पा, अजून निझामाबादच.

दोन चाळीसला उडेल,
पाचला उतरेल, आपल्या संध्याकाळच्या.
तिथं सकाळचे साडेसात, सर म्हणाले,
घड्याळ साडेनऊ तास मागं.
म्हणजे शिवलेला दिवस उसवून
पोरीनं परत शिवायचा.

सर वहीत पाच वाजता असं पक्कं लिहायला लागले.
मी हात धरला.
इतकं अंगाबरोबर नको, माया सोडा.
धावपट्टीला थोडी, समोरच्या वाऱ्याला थोडी,
कागद उलटेपालटे करून बघणाऱ्या साहेबाला थोडी.
किती सोडू?
तिच्या पहिलीच्या युनिफॉर्मला दोन इंच सोडली होती,
चौथीपर्यंत उसवत गेलो.
दोनच सोडा.
दोन इंच म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं,
सरांनी हिशेब केला, गोल पिशवीत घातला, गेले.
दोरा वाया कशाला घालवायचा,
पाटलांच्या सफारीला लावला. तीन गुंड्या झाल्या,
चौथीला नवा घ्यावा लागला.

ही कालची गोष्ट.
आज दुकानात गिऱ्हाईक नाही.
फोन मशीनवर ठेवलाय, पायडलला पाय लावला की थरथरतो,
म्हणून मशीन बंद.
अझहर दोनदा म्हणाला, शटर ओढू का?

सातला दहा कमी.
अर्धा इंच माया
अजून शिल्लक आहे.