उटी

वेळ सुरू होतो तो उडताना नाही.
मी वाकून पुढच्या चाकाखालची पिवळी उटी काढतो,
अंगठा वर करतो,
तेव्हा कागदावर चढतं: सहा पस्तीस.

मग तिकडे जळगावला सुपडू तायडे
त्याच चाकाला त्याची उटी लावतो.
सात पंचेचाळीस.
मधे कळसूबाईचा खांदा, चाळीसगावचे दिवे,
कुणाच्या तरी विजारीवर सांडलेला चहा,
आणि खिडकीशी बसायचं म्हणून भांडलेली दोन पोरं.
सत्तर मिनिटं.
माझा हात सुटल्यापासून त्याचा हात लागेपर्यंत.

येताना पाच-सहा मिनिटं जास्त.
वारा समोरून असतो.

आय विचारते, कवरा लांब हाय रं जळगाव?
मी सांगतो, नकाशावर दोरा ताणला
तर साडेतीनशे किलोमीटरच्या आत.
बाबांना किलोमीटर चालत नाहीत.
ते दोन्ही हात पसरून वाव मोजतात,
जाळं मोजायचे तसे.
मी हिशेब करून दिला: दोन लाखांना थोडे कमी.
म्हणाले, एवढं जाळं विणायचं कुणी,
आणि टाकायचं कुठं आता?

उटी हा शब्द कंपनीचा नाही.
आम्हाला शिकवलं ते चॉक.
उटी म्हणायचा माझा चुलता.
टेकडी फोडायचं काम निघालं तेव्हा त्यानं डंपर घेतला,
उतारावर थांबला की चाकाखाली
त्याच टेकडीचा दगड लावायचा.
टेकडी संपली. ती पसरून तिच्यावर धावपट्टी झाली.
डंपर विकला गेला.
दगड कुठे गेला, ते त्यालाही सांगता येत नाही.

आम्ही वडघरला राहायला आलो.
ते अंतर मी कधी मोजलं नाही.

सुपडूला मी पाहिलेलं नाही.
एकदा एका बाळाची ढकलगाडी इकडेच राहिली
तेव्हा फोनवर बोललो.
त्यानं विचारलं, तिथून समुद्र दिसतो का?
म्हटलं, खाडी दिसते, ओहोटीला चिखलच जास्त.
मी विचारलं, तू कधी बसलास का विमानात?
तो हसला. तू?
त्यानंतर कधी कधी
चाकाच्या खाचेत कुसळ अडकलेलं सापडतं,
काळ्या मातीचा कण.
मी ते काढून टाकतो, नियमच आहे.
खिशात टाकायचं की कचऱ्यात, याचा नियम नाही.

जानेवारीत एका सकाळी तिकडे धुकं होतं.
विमान गेलं, घिरट्या घातल्या,
धावपट्टी दिसली नाही, परत आलं.
मी काढलेली उटी मीच लावली.
कागदावर दोन तास पाच मिनिटं.
माणसं उतरली, जिथून चढली होती तिथेच.
एक म्हातारी चिडून विचारत होती,
मग आपण गेलो तरी कुठं होतो?

मला तिला सांगता आलं असतं.
इथेच, या पांढऱ्या रेघेपासून दहा-बारा वाव आत,
आमचा ओटा होता.
मी चाळीस मिनिटांत विमानापाशी येतो रोज,
आणि घरी पोचत नाही.
सांगितलं नाही. तिची पिशवी धरली.

फोन वाजला.
सुपडू म्हणाला, धुकं आता विरायला लागलंय भो.
मी मघापासून उटी हातात घेऊन उभा आहे.
ठेवू का खाली?