कॉफीचे वार

मर्ना गेली. तिच्या मुलाने डेन्व्हरहून फोन केला:
हॉटेल बंद करा, भांडीकुंडी वाटून घ्या.
आम्ही वाटली नाहीत.
हार्डवेअरच्या दुकानातून – तेव्हा ते होतं –
किल्लीच्या चौदा नकला करून आणल्या,
आणि फळ्यावरचे सूपचे भाव पुसून
तिथे वार लिहिले.

सोमवार एल्ड्रेड. मंगळवार डोरिन आणि तिची बहीण.
बुधवारी श्मिटबर्गर नवराबायको, भांडत भांडत.
गुरुवार माझा, आजही.
ज्याचा वार त्याने पहाटे पाचला यायचं,
हीटर लावायचा, कॉफी चढवायची,
पैसे बिस्किटांच्या डब्यात. हिशेब कोणी ठेवत नाही.
डब्यात नेहमी थोडे जास्तच निघतात.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं ऑर्डिस दुष्काळाने उठलं.
धुळीची वर्षं तर माझ्या बापाने काढली,
खिडक्यांना ओल्या चादरी लावून,
आणि इथेच राहिला.
आम्हाला उठवलं ते सुगीने.
आठ घरं जेवायची तेवढी जमीन
आता वेन एकटा काढतो.
यंत्र आपलं आपण वळतं; तो आत बसून
सिएटलच्या लेकीशी फोनवर बोलतो,
दोन्ही हात मांडीवर.
कोठार भरलं की उरलेला गहू बाहेर उघड्यावर ओततात;
डोंगर म्हणावा असा आमच्याकडे तेवढाच एक.

शाळेचा फुटबॉलचा संघ आधी अकरांचा,
मग आठांचा, मग सहांचा
(तसाही खेळ असतो, नियम वेगळे),
मग बस.
चाळीस मैल. अंधारात जाते, अंधारात येते,
आत दोन डोकी.

किल्ल्या परत येतात. पाकिटातून, बऱ्याचदा चिठ्ठीशिवाय.
एक निघाली कोटाच्या अस्तरातून,
तो कोट चर्चच्या सेलमध्ये
तीन डॉलरला विकला गेल्यावर.
डोरिनच्या बहिणीने दिली नाही.
नव्वद मैलांवर, वृद्धाश्रमात, ती उशीखाली ठेवते.
मंगळवारी पाचला उठून बसते म्हणे.

फळ्यावर वेनकडे आता तीन वार. रविवार कोरा.

मार्चमध्ये पवनचक्क्यांच्या कामावरचा एक पोरगा आत आला,
ओसिएल, ओक्लाहोमाचा,
कमरेला दोरांचे आकडे खुळखुळत.
फळा वाचून म्हणाला, गुरुवारी काय असतं?
मी, म्हटलं.
आणि रविवारी?
वेन कपात बघत राहिला.
पोराने खडू उचलला.
अठरा महिन्यांचंच कंत्राट आहे, म्हणाला, माफी मागावी तसं,
आणि नाव लिहिलं,
आमच्या डोळ्यांना दिसेल एवढं मोठं.

त्याला एल्ड्रेडची किल्ली दिली. नवी कोण करणार.
ती किंचित उचलून फिरवावी लागते,
हे सांगायचं राहिलं.

रविवारी पाचला मी खिडकीत होते.
तो दाराशी वाकलेला, वारा पाठीत घेऊन,
किल्लीवर फुंकर मारतोय.
मी गाउनवर कोट चढवला.
रस्त्यात पाहते तर पोस्टाच्या बाजूने वेन,
पलीकडून श्मिटबर्गरबाई, आता एकटी, काठी टेकत,
ज्याच्या त्याच्या मुठीत आपापली किल्ली.
पायरीपाशी तिघंही थांबलो,
कारण तो न वळताच म्हणाला,
नको, जमेल मला.

बराच वेळ गेला. बोटं बधिर झाली.

कॉफी डांबरासारखी.
श्मिटबर्गरबाईने दोन कप प्यायले
आणि काठी आपटून विचारलं,
पाणी किती घातलंस?
तो म्हणाला, डब्यावर लिहिलंय तेवढं.
ती म्हणाली, डब्याला काय कळतंय,
आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढून घेतली.