अकराच्या आत

दाराशी ऑर्विल फोन काढून घेतो, पेन काढून घेतो,
कोटाचे खिसे उलटे करायला लावतो.
"आत काही न्यायचं नाही, बाहेर काही आणायचं नाही."
रोज म्हणतो. रविवारी चर्चमध्ये
माझ्या मागच्याच बाकावर बसतो, तिथे बोलत नाही.

आत खिडकी नाही. टोलीडोचा बर्फ इथवर पोचत नाही.
पडद्यावर चाळीस लाख ओळी,
नावाच्या जागी प्रत्येकाला सतरा आकडे.
पगार सारखा धरते, शिक्षण सारखं, विमा, दुखणं, सगळं सारखं,
तरी गोऱ्या-काळ्यांत काहीतरी उरतंच.
आमच्या अर्थशास्त्रात त्याला अवशेष म्हणतात.
शब्द मी निवडलेला नाही.

मंगळवारी एका ओळीशी थांबले.
स्त्री, कृष्णवर्णीय, चौतीस. बाळंतपणाचा तिसरा दिवस.
तक्रार : धाप लागते.
बोटाला चिमटा, ऑक्सिजन पंच्याण्णव.
रात्री सव्वादोनला घरी पाठवली.
पाच चाळीसला परत आणली.
पुढचे रकाने कोरे.

त्या चिमट्यासाठी नर्सनं एका नखाचा रंग पुसला होता.
पेटीत लुरीनचे हात जुळवून ठेवले तेव्हा
नऊ नखं जांभळी, एक उघडं.
आईनं मला तोच रंग आणायला पिटाळलं.
तीन दुकानं फिरले. मिळाला नाही.
गडद कातडीत तो चिमटा चकतो, आहे त्याहून बरं सांगतो,
हे वाचलं तोवर तिची लेक चालायला लागली होती.

ती ओळ वगळून गणित पुन्हा केलं.
पाचव्या दशांशाला धक्का लागला, पापणी लवावी तेवढा.
परत ठेवली.

नियम असा, की अकराहून कमी माणसांचा रकाना
या खोलीबाहेर जात नाही.
त्या इस्पितळात, त्या वर्षी, तशा बायका : सात.
शेजारचा परगणा जोडला, नऊ.
अजून दोघी हव्यात, मी पुटपुटले,
आणि काय बोलले ते
पंख्याच्या घरघरीत मलाच ऐकू आलं.

वर्षं मागे सरकवली. चौदा झाल्या.
आता जाईल ती बाहेर, तेरा जणींच्या घोळक्यात,
कुणाला ओळखू न येता.

फोनवर भाचीचा निरोप : मावशी, उद्या स्पेलिंगची परीक्षा, ये ना.
"काही नेत नाहीस ना?" ऑर्विल विचारतो.
मी दोन्ही हात पुढे करते,
तो बोटं बघतो, उगाच, एकेक.