डोळे फुटण्याआधी

गंगापूर धरणाच्या अलीकडं आमची वायनरी.
बाटल्यांच्या लाइनवर मी लेबलं बघते,
वाकडं दिसलं की बाटली बाजूला.
आठ तास. मधे अर्धा तास डबा.

मशीन अडलं तेव्हा इटलीहून एक म्हातारा आला,
ब्रूनो. खिशात पान्हे
आणि तोंडात एकच गाणं.
गाणं कसलं, चढावर दमलेली सायकल :
वर जायचं, थांबायचं,
पुन्हा पायथ्यापासून.

तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी
गायधनीसाहेबांना विचारायला लावलं, अर्थ काय याचा?
साहेबांचं इंग्रजी आणि ब्रूनोचं इंग्रजी
वाटेत एकमेकांना भेटलंच नाही.
"दुःख आहे, तरी चालायचं, असं कायतरी.
आपल्यात असतंच की," म्हणाले साहेब
आणि मोबाइल कानाला लावून बाहेर गेले.

असतंच की.
तेजल गेली त्या भादव्यात, डेंग्यूनं,
सगळे हेच म्हणाले बशीतला चहा फुंकत :
चालायचंच, वैजयंता.
आणि उठून आपापल्या चपला शोधल्या.
तिच्या कंपासपेटीत मी आता बीपीच्या गोळ्या ठेवते.
झाकणाच्या आत सहामाहीचं वेळापत्रक,
भूगोलापुढं दोनदा रेघ.
भूगोलाची भीती होती तिला.

ब्रूनोनं माझ्याकडं बघितलं.
काय दिसलं त्याला, कोण जाणे.
हात पुसले, आणि डब्याच्या सुट्टीत
मला मागच्या प्लॉटमध्ये घेऊन गेला.
गोडी छाटणी चालली होती.
सकाळी कापलेल्या काडीच्या टोकाला
पाणी लोंबत होतं, पडत नव्हतं.
ते त्यानं बोटावर घेतलं,
आपल्या डोळ्याखाली लावलं,
मग काडीवरचा डोळा दाखवला.

त्याला काय माहीत, आम्हीपण त्याला डोळाच म्हणतो.
पेस्ट लावतो, फुगायची वाट बघतो,
बांधावरून हाक मारून विचारतो, "फुटले का डोळे?"
एरवी ही शिवी आहे.

"पिआनो, पिआनो," म्हणाला.
मला वाटलं, पेटीचं काहीतरी सांगतोय.
तर त्यानं दोन बोटं ओलांड्यावरून चालवली,
हळूहळू, मुंगळ्यासारखी,
मधे एकदा मुद्दाम घसरवली,
आणि तारेपाशी पोचल्यावर
खांदे उडवले.

एवढाच अर्थ.
की आणखी होता आणि दोन बोटांत मावला नाही?

शनिवारी मशीन सुरू झालं. तो गेला.
जाताना माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी
कागदात बांधून मागितली त्यानं, खुणेनंच.

आता बाटल्यांच्या खडखडाटात
माझ्याच घशात ती ओळ येते, बिनशब्दांची.
तो थांबायचा तिथंच मीपण थांबते.
पुढं कसं जातं ते त्यानं कधी म्हटलंच नाही.

आज एक वाकडं लेबल समोरून गेलं.
मला दिसलं होतं.
जाऊ दिलं.